तुमनी देवी काय खास?

रविवारी दुपारी अमळनेरला आमच्या माडीवर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. एकजण गोष्ट आणि जग रचतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन खेळतात. वर पत्रे तापलेले, आणि कूलरच्या वाऱ्याने नकाशा उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर शेंगदाण्याच्या वाट्या. खेळ मी चालवते. गेल्या वैशाखात क्लेरिकसाठी, म्हणजे देवाच्या बळावर चालणाऱ्या पुजारी पात्रासाठी, नवी देवी लिहून आणली होती. तीन पानं, सहा शक्ती, वादळावर हुकूम, सोन्याचा रथ. मोठ्याने वाचत होते तेवढ्यात आजी ताक घेऊन वर आली. दारातच थांबून थोडं ऐकलं आणि अहिराणीत विचारलं, "तुमनी देवी काय खास?" म्हणजे, तुमची देवी खाते काय?

मला सांगता येईना. ती तीन पानं मग वाट्यांखालीच गेली.

तेव्हापासून मी देवी नैवेद्यापासून लिहायला घेते. तुम्हीही तसंच करा. शक्ती, चित्र, पुराणकथा नंतर. आधी ठरवा, तिची माणसं कशाच्या ओढीत आहेत. समुद्र न पाहिलेल्यांनी समुद्रदेवी करू नये, आम्ही केली होती, दुसऱ्या रविवारी सगळे विसरले. उन्हाळ्यात बोरी नदीच्या कोरड्या वाळूत झिरा खोदून पाणी काढल्याचं आजी सांगते, त्यावरून 'झिराई' निघाली. तिचे लोक ते झिरेकरी.

आता रीत. तीन-चारच ठेवा, पण हाताने करता येतील अशा. झिरेकरी पाणी करवंटीनेच काढतात, धातू झिऱ्याला लावत नाहीत. पहिली करवंटी परत वाळूत ओततात, हाच झिराईचा नैवेद्य. घडा काठोकाठ भरत नाहीत, चार बोटं रिकामा ठेवतात. बस्स. गळ्यात करवंटीचा तुकडा, तेच पवित्र चिन्ह. हे एवढं लिहिल्यावर पहिल्याच दिवशी आमच्या लढवय्याने तहानेच्या भरात लोखंडी शिरस्त्राण झिऱ्यात बुडवलं. क्लेरिक खेळणारा माझा मावसभाऊ तसा गरीब स्वभावाचा, पण उठून उभा राहिला. "आता तुझी जखम तूच बांध." तासभर ना कुठला राक्षस आला, ना फासा पडला, आणि तरीही कुणी मोबाईल उघडला नाही.

रीतीत एक जागा वादाची सोडा. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं बघा ना. कुणाच्या नावाने किती मूठ गहू, रोट कुणी खायचा, कधीपर्यंत संपवायचा, यावर आमच्याच भाऊबंदांत तीन घरं आणि तीन मतं. झिरेकऱ्यांतही वरच्या अंगाचे रात्री झिरा झाकतात, खालच्या अंगाचे म्हणतात, झाकला तर ती श्वास कसा घेणार? दोघेही भले. मला मग वेगळी दुष्ट देवी आणावी लागली नाही.

कानबाईची रीत बघायची, कानबाई मात्र उचलायची नाही. मी उचलली होती, नाव जरा फिरवून. नारळाची स्थापना, रोट, सगळं. तिसऱ्या डावात चोराने तो नारळच पळवला. पटावर हसण्यासारखं होतं, पण खाली घरात खऱ्या रोटांचे गहू निवडणं चालू होतं. डाव मीच मोडला.

नियमांचं थोडक्यात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ पासून आहे. आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्यात क्लेरिक पहिल्याच लेव्हलला डोमेन, म्हणजे आपल्या देवाचं क्षेत्र, निवडतो, आणि मूळ पुस्तकात ती सात आहेत: ज्ञान, जीवन, प्रकाश, निसर्ग, वादळ, कपट, युद्ध. झिराईला मी निसर्ग देणार होते. मावसभाऊ म्हणाला, "कपट दे. कालचा झिरा आज त्याच जागी लागतो का?" पटलं. डोमेन खेळणाऱ्याला निवडू द्या. त्याचं कारण चांगलं असेल तर तुमचं खोडून टाका.

दहाव्या लेव्हलला क्लेरिक देवाला थेट हाक मारू शकतो. शंभराचा फासा, आपल्या लेव्हलइतका किंवा कमी पडला तर देव धावतो. म्हणजे दहाव्या लेव्हलला शंभरात दहा वेळा. चुकलं तर पात्राच्या लांब विश्रांतीनंतर, म्हणजे रात्रभराच्या झोपेनंतर, पुन्हा, लागलं तर सात दिवस गप्प. धावून येणं कसं असेल ते खेळ चालवणाऱ्याने ठरवायचं, आणि इथेच बरेच जण वीज पाडून मोकळे होतात. वीज नको. तिच्या स्वभावाप्रमाणे येऊ द्या.

आमचे चौघे वाळवंटात वेढले गेले होते, पखाली रिकाम्या. मावसभावाने करवंटीचा तुकडा कपाळाला लावला आणि फासा टाकला. सात. झिराई आली, पण शत्रूच्या छावणीखाली. वाळूतून पाणी फुटलं, तंबूंचे खुंटे उपसले, घोडे गुडघ्यापर्यंत रुतले. वेढा सुटला. आमचे चौघे मात्र तहानलेलेच. पुढे होऊन प्यायचं, तर तिथल्या पाण्यात शत्रूच्या तलवारी बुडालेल्या, म्हणजे धातू लागलेला. पुढचा आख्खा रविवार त्यावर भांडण्यात गेला.