लबूबू, बेब्लेड, हॉट व्हील्स : घरातल्या लहानग्याला द्यायचं की नाही, हे कसं ठरवावं

"डब्यावर 'तीन वर्षांपुढे' लिहिलंय, पण आमचा अडीचचा असूनही फार चुणचुणीत आहे. चालेल ना?" आमच्या सोसायटीतली टॉय लायब्ररी मी अकरा वर्षं सांभाळते आहे आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. नाही चालणार. तो आकडा मुलाचा गळा डोळ्यांपुढे ठेवून घातलेला असतो, हुशारीशी त्याचा काही संबंध नाही. अडीच वर्षांच्या मुलाला पुढचे दात असतात, त्यांनी तो तुकडा तोडू शकतो. मागच्या दाढा जेमतेम येत असतात आणि हाती लागलेली प्रत्येक वस्तू तोंडात जात असते. चुणचुणीत मूल तर तुकडा लवकर तोडतं.

दुसरा सल्ला सगळीकडे दिला जातो, 'तुमच्या देखरेखीखाली खेळू द्या'. मला हा सल्ला धोकादायक वाटतो. घास अडकलेलं मोठं माणूस खोकतं, हातवारे करतं. लहान मुलाची श्वासनलिका पूर्ण बंद झाली तर आवाजच निघत नाही. तुम्ही शेजारी बसून फोन बघत असाल तरी कळणार नाही. म्हणून ठरवायचं ते खेळणं हातात देण्याआधी.

घरात सगळ्यांत लहान कोण आहे, तिथून सुरुवात करा. खेळणं आठ वर्षांच्या ताईचं असलं तरी जमिनीवर रांगणारं भावंड असेल, तर वय त्याचं धरा.

आता डबा वाचा. एका वर्तुळात बाळाचा चेहरा, '०-३' आणि त्यावर तिरकी रेघ असं चिन्ह दिसलं, तर तीन वर्षांखाली देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि बॅटरीवर किंवा विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे ते दिसतं. एवढं काम दुकानात उभ्याउभ्या होतं. नुसतं चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक तपासल्याशिवाय मी खेळणं घेत नाही.

इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लबूबूच्या बाबतीत जवळजवळ सगळे चुकतात. लबूबू म्हणजे पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या संग्रहासाठीच्या बाहुल्या, त्यांच्यावर '१५+' लिहिलेलं असतं. पालक म्हणतात, यात वाईट काय आहे, साधी बाहुली तर आहे. वाईट काही नाही. पण कायद्याने खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. पंधरा लिहिलं की ती वस्तू मोठ्यांच्या संग्रहाची ठरते. ती दोन वर्षांच्या मुलाने ओढली, चावली, आपटली तर काय होईल, या कसोटीला ती उतरलीच पाहिजे असं बंधन मग राहत नाही. तुमच्या हातात फर लावलेली, दात दाखवणारी गोड बाहुली असते आणि लहान मुलासाठी ती कोणी तपासलेलीच नसते.

मग प्रश्न येतो खरी की नकली. दात नऊ आहेत का मोजा, क्यूआर कोड लावून बघा, वगैरे. पैसे वाचवायचे असतील तर जरूर मोजा. तान्ह्या मुलाच्या दृष्टीने त्या मोजणीला काडीचा अर्थ नाही, कारण खरीही पंधराच्या पुढचीच आहे. नकलीची गोष्ट त्याहून वाईट. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नकली लबूबूबद्दल इशारा दिला, की त्या मुलाच्या तोंडात जातील एवढ्या लहान असून गळ्यात अडकू शकतात. रस्त्यावर आणि स्टेशनबाहेर कीचेन म्हणून विकल्या जातात त्या बहुतेक याच जातीच्या. त्या कोणी फुकट दिल्या तरी मी लायब्ररीत घेत नाही.

यानंतरच्या पायरीवर मी स्वतः चुकले होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

लहान तुकड्यांसाठी मानकात एक नळी ठरलेली आहे. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि समोरच्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून नळीची रुंदी डोळ्यांपुढे येईल. न दाबता, कुठल्याही बाजूने टाकलेली वस्तू या नळीत पूर्ण मावली, वर काहीही उरलं नाही, तर ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद. घरी जाड पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून ही नळी बनवता येते. कोणाकडे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची प्लॅस्टिकची डबी असेल तर तिचं तोंडही जवळपास एवढंच असतं. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी थोडी रुंद असते, आणि मी तीच वापरते. माप सैल झाल्याने चार खेळणी जास्त बाद होतात. होऊ देत.

लायब्ररीच्या दुसऱ्या वर्षी कोणीतरी तळहाताएवढा व्हिनाइलचा प्राणी आणून दिला. संग्रहातला, चांगल्या स्थितीतला. मी तो नळीवर धरला, अर्थातच गेला नाही. 'पास' लिहून मी तो दोन वर्षांच्या मुलीच्या घरी पाठवला. आठव्या दिवशी तिची आई परत घेऊन आली तेव्हा प्राण्याला नाक नव्हतं. ते वाटाण्याएवढं नाक मुलीच्या गालात सापडलं होतं. आईचं लक्ष गेलं ते केवळ ती जेवायला नको म्हणाली म्हणून. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी अख्खं खेळणं मोजलं होतं, आणि मुलाच्या गळ्यात कधी अख्खं खेळणं अडकत नाही. अडकतो तो सुटलेला तुकडा.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी खेळण्यावर वेगळं म्हणून जे जे लावलंय ते शोधायचं. डोळे, नाक, टोपी, बुटांची जोडी, झिपचा दांडा, कीचेनची कडी, गाडीची चाकं, फरमध्ये बसवलेले हातपाय. मग प्रत्येक भाग ओढायचा. नुसत्या बोटांनी नाही. प्रवासाचं सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या, भागाला दोरा बांधा किंवा कपड्यांचा घट्ट चिमटा लावा आणि काटा सात किलो दाखवेपर्यंत सावकाश ओढून दहापर्यंत मोजा. प्रयोगशाळेतही साधारण एवढाच जोर लावतात. पालक इथे कचरतात, महागाचं खेळणं तुटेल म्हणून. तुटलं तर ते तुमच्याच हातात तुटू द्या.

एकदा ओढून भागत नाही, हे मला नंतर कळलं. कोरड्या खेळण्यावर टिकलेला डोळा लाळेने भिजल्यावर सुटतो, कारण पुष्कळ भाग नुसते डिंकाने चिकटवलेले असतात. म्हणून खेळणं कोमट पाण्यात भिजवायचं, पुसायचं, पुन्हा ओढायचं. मग ओट्याच्या उंचीवरून चारपाच वेळा फरशीवर टाकायचं आणि परत ओढायचं. फर असेल तर शिवण दोन्ही बाजूंनी ताणून बघायची. बोट आत जात असेल तर आतला कापूस बाहेर येणार. सुटलेला, अर्धवट सुटलेला, हलणारा प्रत्येक भाग नळीत टाकायचा. एकही मावला की खेळणं वरच्या फळीवर.

दोन गोष्टी नळीला कळत नाहीत. पहिली चेंडू. ३५ मिलिमीटरचा उसळणारा चेंडू या नळीत जाणारच नाही, तरी घशात फिट्ट बसतो. चेंडूचं माप म्हणून वेगळं आहे, तो ४४.५ मिलिमीटरच्या कड्यातून आरपार जाता कामा नये. दुसरी गोष्ट मऊ वस्तू. रबराचे छोटे प्राणी, सिलिकॉनचे दागिने न दाबता नळीबाहेर राहतात आणि तोंडात दाबले जातात. हे मी दाबूनच तपासते, मानकात काहीही असो.

बटण सेल आणि चुंबक यांच्यासाठी चाचणी करत बसू नका. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणं घरात नको, मोठ्या मुलासाठीसुद्धा. २० मिलिमीटरचा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. मुलाने गिळल्याची शंका आली तरी ओकारी काढायला जाऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा. चुंबक एकाहून जास्त गिळले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना खेचतात आणि मधली आतडी चिमटली जाऊन भोकं पडतात. चुंबकाने चिकटणारे हातपाय, चुंबकाचे मणी असलेले संग्रह मुलांच्या हातात नकोतच.

गोळ्याच्या आकाराची कॅप्सूल, जिच्यात खेळणं मिळतं, ती उघडली की ताबडतोब कचऱ्यात टाका. १९९९ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने जेवणासोबत पोकेमॉनचे चेंडू दिले होते. चेंडूचा अर्धा भाग नाकातोंडावर बसला आणि बाळं गुदमरून दगावली. अडीच कोटींहून जास्त चेंडू परत मागवावे लागले. आतलं खेळणं कितीही निर्दोष असलं, तरी अर्धगोल वाटी बाळाच्या चेहऱ्यावर चिकटते. चकचकीत पाकीट, सिलिका जेलची पुडी, गळ्याभोवती गुंडाळली जाईल एवढी लांब दोरी यांचीही रवानगी त्याच डब्यात.

तीन वर्षं पूर्ण झाली की सगळं मोकळं, असंही धरू नका. शर्टाची कॉलर, पेन्सिल, रिमोट हे मूल अजून चघळतंय का, ते आठवडाभर बघा. चघळत असेल तर चार वर्षांचं असूनही माझ्या हिशेबात ते तिनाच्या आतलं. चघळणं थांबलेल्या मुलाला हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्या खुशाल द्या, डब्यावरही तीनच लिहिलेलं असतं. लेगोच्या छोट्या माणसांना पाच, पोकेमॉनच्या पत्त्यांना सहा, बेब्लेड या भोवऱ्याला आठ. बेब्लेडचा आठ पाळाच, फिरती वस्तू डोळ्याच्या उंचीवर उडते.

आता ब्लाइंड बॉक्स. आत काय निघेल ते माहीत नसणं ही मोठ्यांची गंमत आहे. पाच वर्षांच्या मुलाला 'बहात्तरात एक' याचा अर्थ कळत नाही, आणि लबूबूच्या मालिकांमध्ये दुर्मीळ, गुपित बाहुली साधारण त्याच प्रमाणात निघते. त्याच्या लेखी डब्यावर चित्र आहे म्हणजे तीच मिळणार. दुसरी निघाली की तो रडतो तो हट्टाने नाही, फसल्यासारखं वाटतं म्हणून. मग आपण दुसरा डबा घेतो. माझं मत ठाम आहे, सात वर्षांच्या आत बंद डबा नको. संग्रहाची हौस असेल तर जे दिसतंय ते विकत घ्या, आणि जी बाहुली हवी ती त्याला स्वतः निवडू द्या.

घरात दोन वयांची मुलं असतील तर मोठ्याचा संग्रह टेबलावर, दार लावता येईल अशा खोलीत. खाली पसरून खेळायचं असेल तर धाकटं झोपल्यावर. मोठ्या मुलाला नळी द्या आणि तपासणीचं काम सोपवा. आमच्या लायब्ररीतली सात-आठ वर्षांची मुलं हे काम माझ्यापेक्षा कडकपणे करतात.

भेट म्हणून आलेल्या खेळण्याचं काय, हे नेहमी विचारलं जातं. मामा हौसेने बाहुली आणतो, त्याच्यासमोर काढून ठेवायला संकोच वाटतो. मी सरळ सांगते, "दादा, फार छान आहे, हिच्या पाचव्या वाढदिवसाला हिला देऊ." डब्यावर तारीख लिहून ठेवते. त्याला वाईट वाटत नाही, आणि वाटलं तरी चालेल.

एकदा पास झालेलं खेळणं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा ओढून बघा, विशेषतः धुतल्यानंतर. आणि गणपतीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांबरोबर रांगतं बाळ यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी केर काढताना सोफ्याखाली हात घाला. गेल्या वर्षी मला तिथे बेब्लेडचं टोक, दोन चाकं आणि एक बटण सेल मिळाला.