फायरवॉलची चौकट समोर आली की काय तपासायचं, काय दाबायचं

नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालू केला की विंडोजमध्ये कधीकधी फायरवॉलची, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या ये-जा राखणाऱ्या पहारेकऱ्याची, चौकट उघडते आणि परवानगी मागते. 'अलाउ' नाही दाबलं तर प्रोग्राम चालणारच नाही, या समजुतीने बहुतेक जण ते दाबून मोकळे होतात. पण विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्या जोडण्या सहसा अडवतच नाही. अडवते त्या बाहेरून आत येणाऱ्या. चौकट आली याचा अर्थ, त्या प्रोग्रामने एक पोर्ट (नेटवर्कसाठीचं क्रमांक असलेलं दार) उघडलाय आणि तो प्रोग्राम बाहेरून कुणी जोडलं जाण्याची वाट बघतोय.

म्हणून स्वतःला एवढंच विचारा: दुसऱ्या यंत्राने आपणहून या प्रोग्रामशी बोलायची गरज आहे का? मोबाइलवरून लॅपटॉपवर फाइल घ्यायची असेल, घरातल्या दोन कॉम्प्युटरवर मिळून गेम खेळायचा असेल, तर आहे. पीडीएफ वाचणाऱ्या किंवा फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामला ती नसते.

परवानगी देण्याआधी फाइल कुठे आहे ते पाहा. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असेल तर बहुधा ठीक. तात्पुरत्या फाइल्सच्या 'टेम्प' फोल्डरमधून चालत असेल तर आधी नकार द्या, मग चौकशी करा.

परवानगी शक्यतो फक्त 'प्रायव्हेट' नेटवर्कला द्या. 'पब्लिक' म्हणजे स्टेशन, हॉटेल, कॅफेचं वायफाय. इथे एक गोची हमखास होते. नव्या वायफायला विंडोज सहसा 'पब्लिक'च धरते, अगदी घरच्यासुद्धा. मग परवानगी देऊनही फाइल येत नाही. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग आपल्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा.

'कॅन्सल' दाबलं म्हणजे विषय संपला, असंही समजू नका. त्या क्षणी विंडोज अडवणारे नियम तयार करते, सहसा दोन: एक टीसीपीसाठी, एक यूडीपीसाठी (नेटवर्कवर माहिती पाठवायच्या या दोन पद्धती). नंतर तुम्ही परवानगीचा नियम हाताने जोडलात तरी उपयोग होत नाही, कारण दोन नियम भिडले की अडवणारा जिंकतो. यावर उपाय असा:

१. स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल' शोधून उघडा आणि डावीकडच्या 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'वर जा.
२. डावीकडे अगदी वरच्या ओळीवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट पॉलिसी'ने सध्याच्या नियमांची प्रत जपून ठेवा. हे टाळू नका.
३. 'इनबाउंड रूल्स'मध्ये, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांत, प्रोग्रामचं नाव शोधा. हिरवी खूण परवानगीची, लाल खूण अडवल्याची. खूण करडी असेल तर नियम बंद आहे.
४. लाल खुणेचे त्याच प्रोग्रामचे नियम काढा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. चौकट परत येईल.

परवानगीचा नियम आणखी आवळता येतो. नियमावर डबल क्लिक करा, 'स्कोप' टॅबमध्ये 'रिमोट आयपी अॅड्रेस'खाली 'लोकल सबनेट' जोडा. मग घरातल्या नेटवर्कबाहेरून त्या नियमाने कुणी आत येऊ शकत नाही. एवढं एक केलं तरी बराच धोका टळतो.

अपडेटनंतर तीच चौकट पुन्हा आली तर लगेच घाबरू नका. नियम फाइलच्या पूर्ण पत्त्याला बांधलेला असतो. काही प्रोग्राम दर आवृत्तीला नवं फोल्डर करतात, त्यामुळे जुना नियम लागू पडत नाही.

सध्या कोणता प्रोग्राम कोणता पोर्ट उघडून बसलाय हे विंडोजमधल्या 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये 'नेटवर्क' टॅबखाली, 'लिसनिंग पोर्ट्स'मध्ये दिसतं. पत्त्याच्या रकान्यात 'लूपबॅक' असेल तर ती जोडणी कॉम्प्युटरच्या आतल्या आतच आहे, सोडून द्या. पोर्ट ४४५ दिसणारच, फाइल शेअरिंगचा हा पोर्ट विंडोज स्वतः उघडते. पण २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता. त्यामुळे बाहेरच्या वायफायवर असताना ४४५ च्या ओळीत 'फायरवॉल स्टेटस'खाली 'नॉट अलाउड' हे शब्द दिसायला हवेत. तसं नसेल तर 'इनबाउंड रूल्स'मधले 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'चे 'पब्लिक'ला लागू असलेले नियम बंद करा.