कुत्रं घरात येतं, तसं ते जिन्यातही येतं

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा पाच महिन्यांची होती. आता आठ वर्षांची आहे. तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडलेला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिलं वर्षभर माझी सगळी धडपड घरातल्या घरात चालली होती: तिचं खाणं, तिच्या लसी, तिचं अंथरूण. दाराबाहेरच्या माणसांशी तिची रोज चार वेळा गाठ पडणार आहे, हे मी धरलंच नव्हतं. मग माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती आधी सांगते, कारण पुढचं बरंच काही मी त्यातून शिकले.

खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा चिंगी दिसली की धावत यायचा आणि तिच्या गळ्यात हात टाकायचा. चिंगी जांभई द्यायची, ओठ चाटायची, तोंड दुसरीकडे फिरवायची. मला वाटायचं, झोपेतून उठलीय म्हणून असेल. एक दिवस ती गुरगुरली. शेजाऱ्यांसमोर मला फार ओशाळल्यासारखं झालं आणि मी तिला जोरात दटावलं. पुढच्या वेळी ती गुरगुरली नाही. मला वाटलं, शिकली. त्यानंतर काही दिवसांनी, तोंडातून आवाजही न काढता, तिने त्याच्या हातावर झडप घातली. दात लागला नाही. पण तो मुलगा भिंतीला चिकटून थरथरत उभा होता, ते मला अजून दिसतं.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं ‘पुरे, आता लांब हो’ असं सांगणं. मी तिचं ते सांगणंच बंद पाडलं होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. शांतपणे त्याला तिथून बाजूला न्या आणि तो कशाने अवघडला ते शोधा. आणि गुरगुरण्याच्या आधीची भाषा शिका. झोपेची वेळ नसताना दिलेली जांभई, समोर खायला काही नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, डोकं वळवून कोपऱ्यातून पाहताना दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग, एकाएकी ताठ झालेलं अंग. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रं खूशच आहे, असंही नसतं. सैल अंगाने कमरेपासून हलणारी शेपटी वेगळी. ताठ, उंच धरून झरझर हलणारी वेगळी.

त्या संध्याकाळी मी खाली गेले आणि मुलाच्या आईवडिलांना घडलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. चिंगीच्या लसींची वही दाखवली. ‘काही नाही हो, ती चावत नाही’ हे वाक्य मी त्या दिवसापासून बोलणं सोडलं. दात असलेला कुठलाही कुत्रा चावू शकतो. समोरच्याला भीती वाटते तेव्हा त्याला आपल्या कुत्र्याच्या स्वभावाचं प्रमाणपत्र नको असतं, मधे अंतर हवं असतं.

मग आम्ही मिळून मुलासाठी नियम ठरवले. आधी मला विचारायचं. मग बाजूला उभं राहून हात खाली सोडायचा आणि चिंगी आपणहून येते का, ते पाहायचं. आली तर छातीवर किंवा कुशीवर हात फिरवायचा. डोक्यावरून नाही, मिठी तर नाहीच. तीनपर्यंत मोजून हात काढायचा. ती परत जवळ सरकली तर पुन्हा तीन. निघून गेली तर तिची मर्जी. खाताना आणि झोपलेली असताना तिला कुणीच हात लावायचा नाही. हे तीनपर्यंत मोजणं मुलांना इतकं आवडतं की ती एकमेकांना शिकवतात. आता इमारतीतली सगळी मुलं तसंच करतात. तरीही लहान मूल आणि कुत्रं, दोघांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडायचं नाही, मग कुत्रं कितीही गरीब असो.

त्याच सुमारास मी तिला मुसकं घालायची सवय लावली. पिंजऱ्यासारखं, जाळीचं मुसकं घ्यावं. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड घट्ट आवळणारा कापडी पट्टा फिरायला नेताना वापरू नये. त्यात धाप टाकता येत नाही आणि उकाड्यात ते जिवावर बेतू शकतं. सवय लावताना घाई नको. मुसक्याच्या आत खाऊ धरायचा, नाक घातलं की द्यायचा, एवढंच काही दिवस. पट्टा बांधण्याची पाळी त्यानंतर. चिंगीला तीन आठवडे लागले. आज ती मुसकं पाहून स्वतः नाक पुढे करते. दवाखान्यात ठणकणारा पाय तपासताना याचा जो उपयोग होतो, तो डॉक्टरांनाच विचारा.

आमच्याच मजल्यावर एक आजी राहतात, काठी घेऊन चालतात. त्यांना कुत्र्यांची लहानपणापासून धास्ती. त्यांची भीती घालवणं माझं काम नाही, असं मी ठरवलं. त्यांचा रस्ता मोकळा ठेवणं माझं काम. लिफ्टचं दार उघडलं की आधी मी बाहेर डोकावते, पट्टा आखूड धरून चिंगीला आतल्या कोपऱ्यात बसवते आणि मधे स्वतः उभी राहते. आजी असतील तर आम्ही थांबतो, त्या एकट्या जातात. वळणावर, दारात, जिन्याच्या टोकाला पट्टा नेहमी आखूड. लांबत जाणारे दोरीचे पट्टे मला पटत नाहीत. कुत्रं पाच मीटर पुढे गेल्यावर तुमच्या हातात काय उरतं? दीड-दोन मीटरचा साधा पट्टा पुरतो. आजी अजूनही चिंगीला हात लावत नाहीत. पण चार दिवस दिसली नाही तर तिची चौकशी करतात.

पिल्लू आणणार असाल तर एक पेच आधीच समजून घ्या. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं: काठी, छत्री, चाकाची खुर्ची, शाळेतून सुटलेली पोरं. पुढे ते दार हळूहळू बंद होतं. लसींचं वेळापत्रक मात्र त्याच काळात अर्धवट असतं. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्यांदा का? आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीचा परिणाम अडवते, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून मधला एखादा डोस चुकवला तर चालेल, असं समजू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे पिल्लाला खाली सोडायचं नाही. कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर काढायचं, जग दाखवायचं. चिंगी पाच महिन्यांची आली, म्हणजे तिचा हा काळ हुकलेला होता. जे आठवड्यात झालं असतं त्याला आम्हाला वर्ष लागलं. पण झालं.

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, एका वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. यात एका दिवसाचीही ढिलाई नको. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. मात्र चावल्यानंतर वेळेवर घेतलेली लस जीव वाचवते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो मुलगा वाचला, तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे. कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. घड्याळ लावून धुवा. पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात.

शी उचलण्याबद्दल. बरेच जण म्हणतात, मातीतच तर आहे, जिरून जाईल. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी ताज्या शीमध्ये असतात तेव्हा बाधत नाहीत. ती मातीत काही आठवडे राहिली की बाधणारी होतात, आणि मग वर्षानुवर्षं तिथेच टिकतात. त्याच मातीत खेळून मुलं हात तोंडात घालतात. म्हणजे आज उचललेली शी हा खरोखरच पुढच्या वर्षीच्या मुलांसाठीचा बंदोबस्त आहे. पिशवी दोन घ्या, एक शेजाऱ्याला लागते. जंताचं औषध वजन करूनच ठरवायचं, अंदाजाने नको.

फिरून आलं की गोचीड पाहायची: कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काहीही लावायचं नाही. गोचीड ताप आला तर कुत्रं मलूल होतं, खात नाही, कधी नाकातून रक्त येतं. तिथे एक दिवसही थांबू नये.

उन्हाचं थोडं सविस्तर सांगते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता ते धाप टाकूनच बाहेर काढतं. हवा दमट असली की तेही नीट जमत नाही, आणि चपट्या नाकाच्या जातींना तर मुळातच जड जातं. तळहाताची उलटी बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवा. तुम्हाला टेकवत नसेल तर तिचे पंजेही तिथे टेकायला नकोत. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा सोडू नका. धाप थांबत नाही, लाळ घट्ट तारेची झालीय, हिरड्या लालभडक, चाल डगमगतेय, असं दिसलं तर आधी गार करायचं आणि मग न्यायचं. सावलीत घ्या, सगळ्या अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्याकडे निघा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

शेजाऱ्यांचा लळा लागला की वेगळीच अडचण येते: जो तो काहीतरी भरवतो. दोन वर्षांत चिंगीचं वजन चौदा किलोवरून सतरावर गेलं. बरगड्यांवरून बोटं फिरवली तर त्या मुठीच्या उलट्या बाजूच्या हाडांसारख्या हलक्याने लागायला हव्यात. तिच्या लागतच नव्हत्या. लोकांना नाही म्हणणं मला जड जात होतं. मग दाराबाहेर एक बरणी ठेवली. तिच्या रोजच्या खाण्यातलेच मोजून काढलेले दाणे त्यात असतात. ज्याला द्यायचं त्याने त्यातून द्यायचं. बरणी रिकामी म्हणजे आजचं संपलं. बरणीवर कागद चिकटवलाय: चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, साखरविरहित च्युइंगगम यातलं काही नको. च्युइंगगममधल्या झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. आणि माणसांच्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

आपण घरात नसताना ती रडते का, हे आपल्याला कळत नाही, शेजाऱ्यांना कळतं. त्यांनी सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. मी फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर गेले, तेव्हा कळलं की पहिली वीस मिनिटं ती दाराशी विव्हळते. मग एक मिनिट बाहेर, दोन मिनिटं, पाच मिनिटं, ती कावरीबावरी व्हायच्या आत परत, असं दोन महिने केलं. मोठे आवाज, फटाके असतील त्या दिवशी फेरी लवकर उरकायची, खिडक्या लावायच्या, आतल्या खोलीत तिच्याजवळ बसायचं. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, खुशाल जवळ घ्या. घाबरलेलं कुत्रं अर्ध्या उघड्या दारातूनही सुसाट पळतं, म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच. कातडीखाली मायक्रोचिप असेल तर उत्तम, पण ती कुत्रं कुठे आहे हे सांगत नाही. स्कॅनरने वाचल्यावर पंधरा आकडी क्रमांक दिसतो, एवढंच. त्या क्रमांकापुढे तुमचा जुना फोन नंबर नोंदलेला असेल तर चिप असून नसल्यासारखी.

शेवटचं काम एका कागदाचं. आमच्या कपाटाच्या दाराला आतून तो लावलाय आणि घराची एक किल्ली खालच्या त्या मुलाच्या आईकडे आहे. कागदावर लिहिलंय: खाणं किती आणि केव्हा, दवाखान्याचा रात्रीचा नंबर, शेवटच्या लसीची तारीख, चिप क्रमांक, मुसकं कुठे ठेवलंय, मागचा डावा पाय दुखरा आहे, तिथे हात लावू नये. तारीख बदलली की मी कागद बदलते. मागच्या खेपेला नवा कागद त्या मुलाने लिहिला. आता तो तेराचा आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.