आयव्हीएफने झालेल्या बाळाच्या तब्येतीवर पुढे लक्ष कसं ठेवायचं

आधी ट्रीटमेंटची फाईल शोधा. बाळ झालं की ती माळ्यावर जाते, आमच्याकडेही गेली होती, आणि सासूबाई म्हणाल्या आता कशाला कोणाला सांगायचं, देवाने पदरात टाकलंय ना. नातेवाईकांना सांगा न सांगा, तो तुमचा प्रश्न, पण बाळाच्या डॉक्टरांपासून लपवू नका. मी दीड वर्ष लपवलं, लाज वाटायची, आणि आता कळतंय की त्यात नुकसान फक्त लेकीचं होत होतं.

फाईलवरून एका कागदावर लिहून काढा: आयव्हीएफ (लॅबमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवतात) होतं की इक्सी (एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात), एम्ब्रिओ म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला गर्भ फ्रेश होता की फ्रोझन, किती ट्रान्सफर केले म्हणजे गर्भाशयात सोडले, बीज स्वतःचं की दात्याचं, आणि ट्रीटमेंट मुळात कशासाठी लागली (पीसीओडी, नळ्या बंद, स्पर्म काऊंट कमी, जे असेल ते). खाली बाळ कितव्या आठवड्यात झालं, वजन किती, पेटीत ठेवलं होतं का. फाईल हरवली असेल तर क्लिनिककडे मागा, २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटसाठीचा कायदा) त्यांना रेकॉर्ड किमान १० वर्षं ठेवावंच लागतं.

आता भीतीचं बोलू. आपल्याकडे मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून देशातल्या पहिल्या अधिकृत नोंद असलेल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, हर्षा चावडाचा जन्म झाला तो ऑगस्ट १९८६ मध्ये, आणि २०१६ ला ती स्वतः आई झाली. जगात २०१८ पर्यंतच अशी ८० लाखांहून जास्त मुलं जन्मली होती आणि बहुतेक चांगली धडधाकट आहेत. पण धोका शून्य आहे असं म्हणणंही खरं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात ३ लाखांवर जन्मांचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला, त्यात ट्रीटमेंटने झालेल्या बाळांत ८.३ टक्क्यांना काही ना काही जन्मजात दोष होता आणि बाकीच्यांत ५.८ टक्के. आईचं वय वगैरे हिशोबात धरल्यावर साध्या आयव्हीएफचा फरक जवळजवळ पुसला गेला, इक्सीचा मात्र राहिला. आणि ज्यांना मूल होत नव्हतं पण नंतर ट्रीटमेंटशिवाय झालं त्यांच्या बाळांतही प्रमाण थोडं जास्तच निघालं, म्हणजे सगळा दोष लॅबच्या माथी मारता येत नाही, आईबापाच्या ज्या अडचणीमुळे ट्रीटमेंट लागली तिचाही त्यात वाटा आहे. (हे वाचून मला आधी वाईट वाटलं, मग हलकं वाटलं, कारण मी इंजेक्शनं घेतली म्हणून असं झालं हा विचार तरी गेला.)

सगळ्यात मोठा धोका खरं तर जुळ्यांचा. ज्यांचं ट्रान्सफर अजून व्हायचंय त्यांना कळकळीने सांगते, एकदाच खर्च होऊ दे, दोन्ही पदरात पडू देत असं घरचे कितीही म्हणोत, डॉक्टर म्हणत असतील एकच एम्ब्रिओ घालू तर हो म्हणा. जुळी म्हणजे बाळं लवकर होण्याची आणि वजन कमी भरण्याची शक्यता खूप वाढते, आणि पुढे फुप्फुस, डोळे, मेंदू यांचे जे त्रास होतात ते बरेचसे तिथूनच सुरू होतात. एकटं बाळ असलं तरी आयव्हीएफमध्ये लवकर होण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं. आणि प्रेग्नन्सीत १८ ते २० आठवड्यांची अनॉमली सोनोग्राफी चुकवायची नाही, सोबत बाळाच्या हृदयाचा टूडी इको करायचा का हे विचारायचं.

बाळ ३४ आठवड्यांच्या आत झालं किंवा वजन २ किलोच्या खाली असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, फार लहान बाळांची त्याहून लवकर. इथे थांबून चालत नाही, बाळ घरी आलंय, सव्वा महिना होऊ दे मग बाहेर काढू, असं करता करता वेळ निघून जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. कानाची टेस्टपण पहिल्या महिन्यातच करून घ्या. आणि लवकर झालेलं बाळ कधी बसलं, कधी चाललं हे मोजताना जन्मतारखेपासून नाही, डिलिव्हरीच्या दिलेल्या तारखेपासून मोजा, दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. मी शेजारच्या बाळाशी तुलना करून उगाच रडले होते.

वजनाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्याच घरात चूक होते. बाळ बारीक जन्मलं की सगळे त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागतात, वरचं दूध, साखर, तूप, बिस्किटं. पुण्यात केईएमला डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय की आपली बाळं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी जास्त असते, आणि कमी वजनाचं जन्मलेलं मूल नंतर भराभर अंगाने भरलं तर पुढे डायबिटीसकडे झुकतं. म्हणून बाळसं धरू दे, पण ग्रोथ चार्टवर त्याच्या रेषेने हळूहळू वर जाऊ दे.

बीपीबद्दल नेटवर घाबरवणारं बरंच दिसेल. स्वित्झर्लंडच्या एका अभ्यासात आयव्हीएफच्या ५२ किशोरवयीन मुलांत ८ जणांचं बीपी जास्त निघालं, पण तो फार छोटा अभ्यास आहे, नंतर वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे ३५ हजार मुलांची माहिती एकत्र करून पाहिली तर बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यात ठळक फरक दिसला नाही. तरीपण ३ वर्षांनंतर दरवर्षी एकदा डॉक्टरांना बीपी बघायला सांगा, लहान मुलांचा वेगळा पट्टा असतो, दोन मिनिटांचं काम.

क्वचित होणारी एक गोष्ट म्हणजे बेकविथ वीडेमान सिंड्रोम, शरीर किंवा त्याचे काही भाग जास्त वाढण्याचा जन्मजात आजार, आयव्हीएफमध्ये शक्यता थोडी जास्त पण तरी हजारो बाळांत एखादं. जीभ खूप मोठी, बेंबीपाशी मोठा फुगा, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, जन्मल्यावर साखर उतरणं, असं काही असेल तर स्पष्ट विचारा, कारण निदान झालं तर किडनी-लिव्हरच्या गाठीसाठी साधारण ७ वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात आणि गाठ लवकर सापडली तर बरी होते.

मुलगा असेल तर दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का आणि लघवीचं छिद्र जागेवर आहे का हे पहिल्याच तपासणीत बघायला सांगा, ६ महिन्यांपर्यंत गोटी उतरली नाही तर सर्जनकडे जायचं, आपोआप उतरेल म्हणून शाळेत जाईपर्यंत थांबायचं नाही. आणि वडिलांच्या स्पर्म काऊंटमुळे इक्सी केलं असेल तर ते मुलापर्यंत जाऊ शकतं. ब्रसेल्समध्ये इक्सीने झालेल्या पहिल्या पिढीतले तरुण तपासले तेव्हा त्यांचा काऊंट इतरांच्या साधारण निम्मा निघाला, आणि वडिलांच्या वाय क्रोमोसोमचा (बापाकडून फक्त मुलग्याला मिळणारा गुणसूत्र) तुकडा गळालेला असेल तर तो दोष मुलाकडे जातोच. म्हणून तो १८ चा झाला की त्याला हे बसून नीट सांगा, आणि तो कागद त्याच्या हातात द्या.