कोंबडीची पिल्लं एकमेकांना टोचायला लागली तर काय करायचं

पिल्लाच्या अंगावर रक्त दिसलं की आधी ते पिल्लू बाहेर काढा, औषध नंतर शोधा. लाल रंग दिसला की बाकीची तिथंच टोचत राहतात, एकानं सुरू केलं की सगळी जमतात, आणि शेपटीखाली टोचलं असेल तर सकाळची बारीक जखम दुपारपर्यंत आतडी बाहेर येण्यापर्यंत जाते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं थोडा वेळ दाबून धरा. मग पाणी उकळून कोमट करायचं, ग्लासभर पाण्यात पाव-अर्धा चमचा मीठ, त्यानं जखम धुवायची, चिकटलेली घाण भिजवून हळूच काढायची, ओढायची नाही. नंतर बीटाडीन पाण्यात पातळ करून, फिक्कट चहाच्या रंगाचं झालं की कापसानं लावा. जखम लहान असेल तर वरून हळद चालते. मेडिकलमध्ये जेन्शन व्हायलेट म्हणजे ते जांभळं औषध मिळतं, ते लावलं की जखमेचा लाल रंग झाकला जातो, हा त्याचा मोठा फायदा, फक्त डोळ्यात जाऊ देऊ नका. माणसांची दुखणं थांबवणारी मलमं, लिग्नोकेन-बेंझोकेनवाली, अजिबात नको.

पिल्लू ओलं राहिलं तर गारठून जातं, म्हणून नीट पुसून खोक्यात वेगळ्या बल्बखाली ठेवा, पाणी-खाद्य जवळ. जखमेवर माशी बसू द्यायची नाही, पावसाळ्यात तर एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचं कापड टाका आणि सकाळ-संध्याकाळ जखम बघा. अळ्या दिसल्या, आतडं बाहेर आलं किंवा पिल्लू खायचं थांबलं तर घरगुती उपाय पुरे, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा नाहीतर 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा.

पण एक पिल्लू बरं केलं आणि ब्रूडर, म्हणजे पिल्लं उबेला ठेवायची जागा, तसंच ठेवलं तर उद्या दुसरं टोचलेलं सापडणार, आणि खरं काम इथंच आहे. बहुतेक वेळा उष्णता जास्त असते नाहीतर गर्दी. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास लागतं, पुढं दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं, पण लोक बल्ब पहिल्या दिवशी जिथं टांगला तिथंच ठेवतात, मग एप्रिल-मे मध्ये दुपारी पिल्लं चोच उघडून भिंतीकडेला धापा टाकतात आणि चिडून टोचतात. बल्ब वर घ्या, दुपारी बंद करा. पांढरा झगझगीत उजेड असेल तर लाल बल्ब लावा, त्या उजेडात रक्त उठून दिसत नाही. सुरुवातीला पिल्लामागे अर्धा चौरस फूट पुरतं, महिन्याचं होईपर्यंत एक फूट लागतोच.

खाद्याचं म्हणाल तर नुसती कणी आणि मका घालू नका हो! त्यात प्रोटीन कमी पडतं, आणि नेमकी पंख फुटायच्या वयात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पिल्लं एकमेकांची कोवळी पिसं ओढून खायला लागतात, त्या पिसांच्या मुळात रक्त असतं म्हणून एकदा चव लागली की सवय जात नाही. चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्यच द्या, 20 टक्क्यांच्या वर प्रोटीनवालं. भांडी कमी असतील तर वाढवा, मागं राहिलेलं कमजोर पिल्लूच मार खातं. मेथीची किंवा कोबीची पानं त्यांच्या चोचीच्या उंचीवर दोरीनं टांगा, पिल्लं त्यातच गुंततात, पण पानाबरोबर थोडी बारीक खडीही (ग्रिट) ठेवा. पार्श्वभागाला विष्ठा चिकटली असेल तर कोमट पाण्यानं रोज साफ करा, टोचणं तिथूनच सुरू होतं. मोठी आणि लहान पिल्लं एकत्र ठेवू नका.

चोच कापायचं घरी कुणी सुचवलं तर नको म्हणा, त्यात पिल्लाला फार वेदना होतात आणि चुकलं की ते खाऊच शकत नाही.

जखम सुकून खपली पडली, वर पिसं यायला लागली की मगच परत सोडायचं. आधी दोन-तीन दिवस मध्ये जाळी लावून किंवा डालग्याखाली त्यांच्यातच ठेवा, म्हणजे ओळख राहते, मग संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर सोडा आणि सकाळी लवकर उठून बघा. एकच पिल्लू सगळ्यांना टोचतंय असं दिसलं तर त्यालाच चार-पाच दिवस वेगळं काढा, परत आलं की त्याचा जोर बराच कमी झालेला असतो.