गोव्याच्या व्हाळांतले जीव तपासताना या चुका टाळा

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथल्या व्हाळांतले, म्हणजे ओढ्यांतले किडे, शिंपले, झिंगे गोळा करून पाण्याची प्रत ठरवायची असेल तर सामान फार लागत नाही. एक जाळी, एक पांढरा ट्रे, चिमटा, अल्कोहोल आणि भिंग पुरतं. चुका मात्र सामानात नसतात, हातात असतात. एका फसलेल्या नमुन्यावरून ‘हा व्हाळ नासला’ किंवा ‘वरच्या खाणीचा काही परिणाम नाही’ असं लिहिलं गेलं की ते कागदावर राहतं आणि पुढे कोणीतरी त्याच ओळीवर बोट ठेवतो. म्हणून खालच्या प्रत्येक चुकीसोबत ती कोणता खोटा निष्कर्ष देते तेही सांगितलं आहे.

भरतीचं पाणी गोडं समजणं

मांडवीत भरतीचा परिणाम गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवतो. पावसाळ्यात नदी इतकी भरून वाहते की तोंडाशीही पाणी बरंच गोडं असतं, पण एप्रिल-मे महिन्यांत खारं पाणी खूप आत शिरतं. डिसेंबरात चव घेऊन ‘गोडं आहे’ म्हणून निवडलेली जागा मे महिन्यात निमखारी निघते. अशा ठिकाणी मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय, म्हणजे ज्यांच्या अळ्या स्वच्छ गोड्या पाण्यात वाढतात असे किडे, मिळत नाहीत. मिठामुळे मिळत नाहीत, सांडपाण्यामुळे नाही. जीवांवरून पाण्याची प्रत सांगणारा, गोड्या पाण्यासाठी बनवलेला कोणताही गुणांक तिथे लावला की उत्तर ‘प्रदूषित’ असंच येणार.

उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी, विद्युतवाहकता मोजा. घाटातून नुकत्याच उतरलेल्या व्हाळाचा आकडा सहसा १०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत असतो, समुद्राचा ५०,००० च्या आसपास. आकडा हजारांत गेला तर जागा बदला. खडकाला चिकटलेले बार्नॅकल (खाऱ्या पाण्यातले कवचाचे जीव) दिसले तर मीटरचीही गरज नाही. खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या दाराजवळ, तर गुणांक काढायला जाऊच नका.

वेगळ्या जागांची तुलना

वर खळाळतं पाणी, दगडगोट्यांचा तळ, दोन्ही काठांना झाडी. खाली बंधाऱ्याच्या फळ्या घातल्यावर तुंबलेलं संथ पाणी आणि गाळ. या दोन जागांची तुलना करून ‘खालचं पाणी बिघडलं’ असं म्हणणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. खळाळीतले जीव संथ पाण्यात राहत नाहीत, पाणी कितीही स्वच्छ असो. जोडी निवडताना रुंदी, उतार, सावली आणि तळ जुळायला हवा. वेगळी असावी ती फक्त तपासायची गोष्ट.

बंधाऱ्याचा आणखी एक खेळ आहे. गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या अनेक जातींच्या पिल्लांना वाढण्यासाठी निमखारं पाणी लागतं. ती खाली वाहून जातात आणि मोठी होत पुन्हा वर चढतात. मधे भिंत उभी राहिली की वरचे झिंगे संपतात. बंधाऱ्याच्या वर झिंगे मिळाले नाहीत तर आधी भिंतीकडे पाहा, पाण्याला दोष नंतर द्या.

खाणपट्ट्यात तळाकडे विशेष लक्ष द्या. दगड उचलून पाहा: त्याचा किती भाग गाळात रुतला आहे? अर्ध्याहून जास्त रुतला असेल तर दगडाखालची घरं बुजलेली असतात. पाण्याची रासायनिक चाचणी उत्तम आली तरी किडे नसतात. हे निरीक्षण नोंदवहीत नसेल तर तुमच्या यादीचा अर्थ नंतर कोणालाच लावता येणार नाही.

चुकीच्या दिवशी जाणं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत व्हाळ वरचेवर धुऊन निघतात. मोठ्या पुरानंतर किमान दोन आठवडे थांबा, नाहीतर नमुन्यात वाळू आणि काड्याच येतील. घाटाखालच्या व्हाळात पावसाळ्यात उतरणं धोक्याचंही आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर कोसळलेल्या पावसाचं पाणी अचानक येतं. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल-मे अशा तीन फेऱ्या ठेवा आणि तुलना त्याच फेरीची त्याच फेरीशी करा. मे महिन्यात बरेच व्हाळ सुटे डोह होऊन राहतात. तिथली यादी जानेवारीच्या वाहत्या पाण्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय अळ्यांना पंख फुटून त्या उडून गेल्या की पाण्यात दिसणार नाहीत. एका फेरीत न मिळालेला गट ‘नाहीसा’ झालेला नसतो.

तळ्यांत पाणी माणसाच्या हाती असतं. २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं कुडचड्याचं नंदा तळं घ्या: पावसाचं साठवलेलं पाणी पुढे भातशेतीला जातं. दार कधी उघडलं ते शेतकऱ्यांना विचारून तारखेशेजारी लिहा.

जाळीची भोकं आणि पायाचा जोर

मासे धरायची किंवा मच्छरदाणीची जाळी चालत नाही. लहान अळ्या त्यातून निसटतात आणि फक्त मोठे जीव उरतात. नेहमीच्या कामाला ५०० मायक्रॉनची, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या चौकटीची जाळी घ्या. अगदी लहान अळ्या हव्या असतील तर २५० मायक्रॉनची, पण ती गाळाने लवकर तुंबते. तुंबलेल्या जाळीच्या तोंडातून पाणी उलटं फिरतं आणि जीव बाहेर जातात. एकदा ठरवलेली जाळी पूर्ण अभ्यासभर बदलू नका.

खालच्या बाजूने सुरुवात करून वर सरका. उलटं केलं तर तुम्हीच ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर बसतो. जाळीचं तोंड प्रवाहाकडे, चौकट तळाला घट्ट टेकलेली; तिच्या पुढ्यात पायाने तळ उकरा. एकूण ३ मिनिटं उकरणं आणि १ मिनिट हाताने शोधणं ही चांगली रूढ पद्धत आहे. ती ३ मिनिटं खळाळ, काठाची मुळं, पाचोळ्याचे ढीग आणि वाळू यांच्यात, त्या जागेत जे जितकं असेल त्या प्रमाणात वाटा. एकाच खळाळीत तीनदा लाथाडून ‘तीन नमुने’ म्हणू नका. तो एकच नमुना तीन भागांत आहे.

नाण्यासारख्या चपट्या, दगडाला घट्ट बसणाऱ्या सिफेनिडी कुळातल्या अळ्या लाथेने सुटत नाहीत. धबधब्याच्या ओल्या कातळावर सहा चोषकांनी चिकटून राहणाऱ्या ब्लेफारिसेरिडी कुळातल्या माश्यांच्या अळ्याही नाहीत. त्यांच्यासाठी दगड उचलून जाळीसमोर मऊ ब्रशने घासावा लागतो. ही पायरी गाळली की नेमके स्वच्छ, वेगवान पाण्याचे साक्षीदार यादीतून जातात.

अल्कोहोल पातळ होणं

सर्वाधिक नमुने इथे मरतात, म्हणजे खऱ्या अर्थाने सडतात. एक लिटरच्या बरणीत ओला पाचोळा आणि त्यातलं पाणी मिळून ४०० मिली असेल आणि वर ६०० मिली ९५ टक्के अल्कोहोल ओतलं, तर बरणीत जेमतेम ५७ टक्के अल्कोहोल उरतं. गोव्याच्या उकाड्यात तेवढ्यात काम भागत नाही. मेफ्लायचे कल्ले गळतात, शेपट्या तुटतात आणि ओळख तिथेच संपते.

पाणी चाळणीवर पूर्ण निथळा, बरणी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, ९५ टक्के अल्कोहोल ओता आणि २४ तासांत ते काढून ताजं घाला. डीएनएचं काम करायचं असेल तर शेवटपर्यंत ९५ टक्केच ठेवा आणि फॉर्मॅलिन जवळ आणू नका. फक्त रूप पाहायचं असेल तर नंतर ७० ते ८० टक्के पुरे.

गोगलगाई फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्या तर त्यातल्या आम्लाने शंखच विरघळू लागतो. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आत शिरून दार लावून घेतात. आधी थोड्या पाण्यात मेंथॉलचे खडे टाकून रात्रभर ठेवा, अंग बाहेर आलं की मग अल्कोहोल. जळवांनाही अशीच गुंगी द्यावी लागते, नाहीतर त्या आकसून गोळा होतात. खेकडा अल्कोहोलमध्ये जिवंत टाकला की पाय झाडून टाकतो. त्याला आधी बर्फात थंड होऊ द्या.

चिठ्ठी बाहेर, पेन बॉलपॉइंटचं

चिठ्ठी बरणीच्या आत हवी, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपॉइंटची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि झाकणावरचं मार्करचं लिखाण सांडलेल्या एका थेंबाने पुसतं. अक्षांश-रेखांश दशांशात, व्हाळाचं आणि वाड्याचं नाव, तळाचा प्रकार, जाळी, वेळ, आणि ‘३ पैकी २’ असा बरणीचा क्रमांक लिहा. तारखेत महिना रोमन आकड्यात टाका. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ गोव्यात साधा नाही: मधे पावसाळा उभा असतो.

ट्रेमध्ये डोळ्यांना दिसेल तेच वेचणं

जिवंत नमुना वेचताना हलणारा जीव आधी दिसतो. न हलणारे, मातीच्या रंगाचे, दोन-तीन मिलिमीटरचे जीव राहून जातात. नमुना फार मोठा असेल तर ट्रेवर चौकटी आखा, चिठ्ठ्या टाकून चौकटी निवडा आणि २०० किंवा ३०० जीव पूर्ण होईपर्यंत वेचा. सुरू केलेली चौकट अर्धी सोडायची नाही. एकूण किती चौकटींपैकी किती वेचल्या ते लिहा, नाहीतर संख्या निरर्थक होते. साखरेच्या पाण्यात जीव तरंगवून वेगळे करणार असाल तर उरलेला गाळही पाहा. शंख आणि कॅडिसफ्लाय या किड्याच्या, स्वतःभोवती वाळूचं घर बांधणाऱ्या अळ्या जड असतात, त्या तळाशीच राहतात.

रिकामे शंख आणि टाकलेली कात मोजू नका. कॅडिसफ्लायची अळी आणि तिचं घर एकाच कुपीत ठेवा. घर वेगळं झालं की ओळखीचा अर्धा पुरावा गेला.

परदेशी तक्त्यावरून नाव देणं

इथे थोडं थांबू, कारण पुढची सगळी बेरीज यावर उभी आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या ओळखतक्त्यात सह्याद्रीतली कित्येक कुळं नाहीतच, त्यामुळे तक्ता तुम्हाला जवळच्या चुकीच्या दारात नेऊन सोडतो. युफाइडी या टाचणीच्या, म्हणजे चतुरासारख्या बारीक किड्याच्या, कुळाचं उदाहरण घ्या. तिच्या पाण्यातल्या पिल्लाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी कल्ले असतात. ‘पोटाला कल्ले म्हणजे मेफ्लाय’ एवढंच पाठ केलेला हमखास फसतो. पिल्लू उलटं करा: डोक्याखाली घडी घातलेला, झडप मारणारा ओठ दिसला तर ती टाचणी किंवा चतुर.

मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय यांत शेपट्या मोजून भागत नाही. स्टोनफ्लायला नेहमी दोन असतात, पण काही मेफ्लायनाही दोनच असतात आणि तिसरी तुटलेली असू शकते. पायाचं टोक पाहा. एक नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लायचे कल्ले झुबक्यांसारखे पायांच्या मुळाशी असतात, मेफ्लायचे पोटावर. यासाठी १० ते ४० पट दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप हवा, मोबाइलचा फोटो पुरत नाही.

आणि अळीवरून प्रजातीचं नाव लिहू नका. बहुतेक गटांत प्रजाती ठरते ती प्रौढ नरावरून. खात्री कुळापर्यंत असेल तर कुळावरच थांबा.

बेरजेतली गडबड

बीएमडब्ल्यूपी या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात आणि कूळ एकदाच धरायचं, त्याचे जीव दोन असोत वा दोनशे. नवशिके संख्येने गुणतात. तसं करायचं नाही. मूळ ब्रिटिश यादीप्रमाणे बीटिडी (मेफ्लायचं एक कूळ) ४, हायड्रोसायकिडी (कॅडिसफ्लायचं) ५, सिम्युलिडी ५, कायरोनोमिडी (ही दोन्ही माश्यांची) २: बेरीज १६, सरासरी ४. आता दोन शेपट्यांच्या बीटिडीला चुकून पर्लिडी म्हटलं, तर ४ च्या जागी १० येतात, बेरीज २२ होते आणि सरासरी ५.५. एका नखीने व्हाळाचा निकाल फिरला.

लाल अळी दिसली की ‘घाण पाणी’ असंही म्हणू नका. कायरोनोमिडी कुळातल्या काही अळ्या हिमोग्लोबिनमुळे लाल असतात आणि कमी प्राणवायूत तगतात, पण स्वच्छ व्हाळाच्या पाचोळ्यातही त्या मिळतात. बाकी सगळे गेले आणि त्याच उरल्या, तर गोष्ट वेगळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत यासाठीच गुणांच्या सरासरीसोबत विविधतेचा आकडाही पाहतात आणि दोन्हींवरून वर्ग ठरवतात. एकच आकडा देऊन थांबू नका. विरघळलेला प्राणवायू मोजत असाल तर सगळीकडे एकाच वेळी मोजा. वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात पहाटेचा आणि दुपारचा आकडा दोन वेगळ्या तळ्यांचे वाटावेत इतका बदलतो.

जाता-येता सुटणाऱ्या गोष्टी

सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळी पठारावरची, डबकी ऑगस्टमध्ये पाहून ‘काही नाही’ म्हणू नका. फेअरी श्रिम्प या डबक्यातल्या झिंग्यासारख्या जीवाची अंडी वर्षभर सुक्या मातीत पडून असतात आणि पाणी साचल्यावर काही दिवसांत फुटतात. जायचं ते जूनमध्ये. अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी हवी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे पाण्यात उतरायचं नाही. एका पाण्यातून दुसऱ्यात जाण्याआधी जाळी आणि बूट उलटे करून धुवा आणि शक्य तर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. फायझा अक्यूटासारखी बाहेरून आलेली गोगलगाय जाळीच्या शिवणीत बसून सहज प्रवास करते.

अहवाल दिला म्हणून कुप्या फेकू नका. प्रत्येक कुळाचा एक तरी नमुना चिठ्ठीसकट ठेवा, झाकणाच्या आतली चकती घट्ट आहे का पाहा आणि दर सहा महिन्यांनी अल्कोहोलची पातळी तपासून भर घाला. तुमच्या यादीतल्या पर्लिडीवर कोणाला शंका आली, तर त्याला ती नखी पाहता आली पाहिजे.