विज्ञानाचे संदर्भपुस्तक निवडताना

जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात संदर्भपुस्तक घ्यायला गेलेले पालक पुष्कळदा गाईड घेऊन परततात. गाईडमध्ये स्वाध्यायाची तयार उत्तरे असतात, तर पाठ्यपुस्तकाने दोन ओळींत उरकलेली कल्पना उलगडून सांगणे हे संदर्भपुस्तकाचे काम असते. म्हणून खरेदीला जाताना बालभारतीचे पाठ्यपुस्तक सोबत न्यावे आणि मूल नेमके कोठे अडले, त्या जागी आधीच खूण करून ठेवावी.

पुस्तक हाती आल्यावर मुखपृष्ठापेक्षा एखादा अवघड प्रश्न त्यात शोधावा. माझा नेहमीचा प्रश्न ऋतूंचा असतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना येते, आणि वर्षभरात त्या अंतरात पडणारा फरक जेमतेम तीन टक्क्यांचा असतो. ऋतू घडतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे. उन्हाळ्याचे कारण 'सूर्य जवळ येतो' असे देणारे पुस्तक निःसंकोच परत ठेवावे. मजकूर बरोबर असला तरी आकृती पाहावी, कारण पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढलेली असेल, तर मुलाच्या मनात तीच चुकीची समजूत पक्की होते, आणि ती पुढे पुसणे फार कठीण जाते.

'पुनर्मुद्रण' आणि 'सुधारित आवृत्ती' यांत फरक आहे, त्यामुळे केवळ छपाईच्या वर्षावर विसंबू नये. प्लूटोला २००६ पासून बटुग्रह मानले जाते, आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या फ्रान्समधील धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातील एका न बदलणाऱ्या मूल्यावर, आधारलेली आहे. एवढ्या तीन नोंदी तपासल्या तरी पुस्तक किती जुने आहे ते कळते.

परिभाषेबाबत मी आग्रही आहे. 'चाल' आणि 'वेग', 'वस्तुमान' आणि 'वजन' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणारे पुस्तक भौतिकशास्त्राचा पायाच कच्चा ठेवते. सेमी इंग्रजीच्या विद्यार्थ्यासाठी दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी-शेजारी देणारे पुस्तक घ्यावे. शेवटी विषयसूची आहे का, हेही पाहावे.

शक्य असल्यास ते पुस्तक आधी ग्रंथालयातून आठवडाभर घरी आणावे, मुलाला त्यातले एक पान वाचू द्यावे आणि पुस्तक मिटून तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. त्याला ती सांगता आली, तर पुस्तक विकत घ्यावे.